ग्रिफिनचा प्रयोग नेमका कुठे फसला? वेल्सच्या अदृश्य माणसाची तपासणी

लोलक
एच. जी. वेल्सची 'द इन्व्हिजिबल मॅन' १८९७ साली आली. आधी 'पिअर्सन्स वीकली'त क्रमशः, मग त्याच वर्षी पुस्तक म्हणून. तिच्यावर बोलणं निघालं की "ताकद मिळाली आणि माणूस बिघडला" एवढ्यावर विषय संपतो. या धाग्यात तसं नको. ग्रिफिन प्रयोग करणारा माणूस आहे आणि वेल्सने त्याची पद्धत बऱ्याच तपशिलात दिली आहे. ती एकेक पायरी घेऊन तपासू. शेवट उघड होणार आहे, तेव्हा कादंबरी वाचली नसेल तर आधी वाचून या.

पद्धत अशी. ग्रिफिन वैद्यक सोडून भौतिकशास्त्राकडे वळलेला. वस्तू दिसते कारण ती प्रकाश शोषते, परावर्तित करते किंवा वळवते, ही तिन्ही कामं बंद पाडली की वस्तू दिसणार नाही, हा त्याचा पाया. त्यासाठी दोन टप्पे. पहिला रसायनाचा: रक्ताचा लाल रंग घालवायचा, पण रक्ताचं काम चालू ठेवायचं. दुसरा भौतिकशास्त्राचा: ज्या वस्तूचा अपवर्तनांक (प्रकाश तिच्यात शिरताना किती वळतो ते सांगणारा आकडा) उतरवायचा ती दोन किरणकेंद्रांच्या मधे ठेवायची. ही केंद्रं चालवायला दोन लहान डायनॅमो, आणि डायनॅमो फिरवायला एक स्वस्तातलं गॅस इंजिन. हे सगळं लंडनमधे ग्रेट पोर्टलंड स्ट्रीटवरच्या भाड्याच्या खोलीत.

चाचणीचा क्रमही नीट दिला आहे. पहिल्यांदा पांढऱ्या लोकरी कापडाचा तुकडा. मग मांजर. मांजराला तीनचार तास लागले. हाडं, स्नायुबंध, चरबी आणि रंगीत केसांची टोकं सर्वांत शेवटी गेली. नखं आणि डोळ्याच्या मागचा चमकणारा पडदा मात्र गेलाच नाही. मग थेट स्वतः.

माझं म्हणणं असं की ग्रिफिन शोधामुळे बुडाला नाही, त्या मांजरानंतर जे करायला हवं होतं ते न केल्यामुळे बुडाला. मांजर पुन्हा दिसेल का, हे त्याने तपासलंच नाही. ते म्यावम्याव करायला लागलं तेव्हा त्याने त्याला खिडकीतून सोडून दिलं. चार दिवसांनी ग्रेट टिचफिल्ड स्ट्रीटवर एका जाळीखालून आवाज येत होता आणि लोक जमले होते, म्हणून ते जिवंत असल्याचं त्याला कळलं. म्हणजे त्याच्या हातात एकच नमुना होता आणि तोही त्याने हरवला. परतीचा रस्ता माहीत नसताना तो स्वतः त्यात शिरला.

बुन्सेन
धागा आवडला. अपवर्तनांकाचा भाग आधी हाताने करून बघा, म्हणजे वेल्सने किती पक्का पाया घेतला होता ते कळेल. पुस्तकात ग्रिफिन त्याच्या जुन्या ओळखीच्या डॉ. केम्पला काचेच्या भुकटीचं उदाहरण देतो: काच कुटली की पांढरी दिसते, तीच भुकटी पाण्यात टाकली की जवळजवळ नाहीशी होते.

याचा हिशेब सोपा आहे. सरळ पडणाऱ्या प्रकाशाचा किती भाग परत फिरतो ते दोन अपवर्तनांकांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागून वर्ग केला की मिळतं. हवा १, काच १.५, म्हणजे ०.५ भागिले २.५, वर्ग केला की ४ टक्के. पाणी १.३३ आणि काच १.५ असेल तर जेमतेम ०.३५ टक्के. आता भुकटीत प्रकाशाला ५० पृष्ठभाग ओलांडायचे आहेत असं धरा. हवेत सरळ पार जाणारा प्रकाश उरतो १३ टक्क्यांच्या आसपास, पाण्यात ८४ टक्के. ढोबळ हिशेब आहे, पुन्हापुन्हा होणारी परावर्तनं धरलेली नाहीत, पण फरक कळायला पुरेसा आहे. कागदाला तेल लागलं की डाग पारदर्शक होतो त्याचंही कारण हेच: तंतूंमधल्या हवेची जागा तेल घेतं. ग्रिफिनही हेच सांगतो. त्याचं पुढचं वाक्य या पुस्तकाचा कणा आहे: हाडं, मांस, केस, नखं, नसा, सगळे मुळात बिनरंगी पारदर्शक तंतूच आहेत, रक्ताचा लाल आणि केसांचा काळा रंग सोडला तर.

घरी करायचं तर बोरोसिलिकेट काचेची एक परीक्षानळी, तशाच काचेचं २५० मिलीचं चंचुपात्र आणि औषधाच्या दुकानातलं शुद्ध ग्लिसरीन, साधारण २०० मिली. बोरोसिलिकेटचा अपवर्तनांक १.४७४, ग्लिसरीनचा १.४७३. पात्रात ग्लिसरीन कडेने हळू ओता, मधोमध ओतलं तर बुडबुडे अडकतात आणि ते बाहेर पडायला तासभर घेतात. नळी तिरपी करून बुडवा आणि आतही ग्लिसरीन भरू द्या. इथेच बहुतेकांचं चुकतं. नळीत हवा राहिली तर ती पाऱ्यासारखी चमकते आणि वाटतं प्रयोग फसला. आत द्रव चढत जातो तसतशी नळी खालून वर पुसली जाताना दिसते. उरतात फक्त छापलेल्या मोजमापाच्या पांढऱ्या रेघा. मांजराची नखं तशी उरली असणार.

फसण्याची दुसरी कारणं: ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं. बाटली उघडी राहिली आणि १० टक्के पाणी मिसळलं तर अपवर्तनांक १.४५८ वर येतो. परावर्तन तेव्हाही नगण्यच असतं, पण कडेला प्रकाश वळतो आणि नळीची बाह्यरेषा दिसायला लागते. पावसाळ्यात हे फार होतं. आणि साधा चहाचा ग्लास वापरू नका, तो सोडा-चुन्याच्या काचेचा, अपवर्तनांक १.५२. तो लपवायला लवंगेचं तेल लागतं, साधारण १.५३.

अक्षरवेल
एक शंका. औषधामुळे त्याच्या डोक्यावर परिणाम होतो ना? म्हणजे चुकीची पद्धत कशाला शोधायची, औषधाचाच दोष.

लोलक
तो १९३३च्या जेम्स व्हेल यांच्या चित्रपटाचा भाग आहे. त्यात 'मोनोकेन' नावाचं द्रव्य आणलं आहे आणि त्याने वेड लागतं. कादंबरीत असं काही नाही. कादंबरीत ग्रिफिन प्रयोगाच्या आधीपासूनच तसा आहे. कामासाठी पैसे लागले म्हणून त्याने वडिलांना लुबाडलं, ते पैसे वडिलांचे नव्हते आणि त्यांनी स्वतःला गोळी घातली. अंत्यविधीला तो गेला, पण मनात काहीच नव्हतं असं तोच सांगतो. अदृश्य व्हायच्या आधीची ही गोष्ट. वेल्सने दोष बाटलीवर ढकलला नाही. चित्रपटाने ढकलला आणि त्यामुळे गोष्ट हलकी झाली, असं माझं ठाम मत आहे. तो स्ट्रिक्नीन घेतो, पण ते त्या काळी उत्तेजक टॉनिक म्हणून घेतलं जायचं, अदृश्य करणारं औषध ते नव्हे.

भिंगरी
डोळ्यांचा मुद्दा अजून कुणी घेतला नाही. मीर प्रकाशनाच्या पुस्तकांमुळे आपल्याकडे पोचलेले रशियन विज्ञानलेखक याकोव्ह पेरेलमन यांनी दाखवून दिलं होतं की अदृश्य माणूस आंधळा असणार. ते बरोबर आहे, आणि आकड्यांत बघितलं की जास्त पटतं.

डोळ्याची प्रकाश वळवायची एकूण शक्ती साधारण ६० डायॉप्टर (हे त्या शक्तीचं एकक). त्यातली ४३ पारपटलाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, उरलेली मुख्यतः आतल्या भिंगाची. पारपटलाच्या पुढच्या पृष्ठभागाची त्रिज्या ७.८ मिलिमीटर, अपवर्तनांक १.३७६. हवेत हा पृष्ठभाग देतो ०.३७६ भागिले ०.००७८, म्हणजे ४८ डायॉप्टर. मागचा पृष्ठभाग त्यातले पाचेक परत घेतो. आता पाण्यात बुडी मारून डोळे उघडा. बाहेरचा अपवर्तनांक १.३३३ झाला, फरक उरला ०.०४३, शक्ती उरली साडेपाच. विहिरीच्या तळाशी सगळं धूसर दिसतं ते यामुळे. ग्रिफिनच्या डोळ्याचा अपवर्तनांक हवेइतका झाला तर फरक शून्य, शक्ती शून्य. पारपटल शून्य, भिंगही शून्य. प्रतिमा बनतच नाही.

दुसरं, बुबुळ पारदर्शक झालं की बाहुली राहत नाही. प्रकाश फक्त समोरच्या भोकातून न येता सगळीकडून येणार, डोक्याच्या मागूनसुद्धा. दृष्टिपटलावर नुसता उजेड पडेल, चित्र नाही. आणि दृष्टिपटलाने प्रकाश पकडायचा म्हणजे शोषायला हवा. शोषला की तो भाग दिसणार.

यातला एक भाग वेल्सच्या लक्षात होता. दाढीच्या आरशात ग्रिफिनला स्वतःचं काहीच दिसत नाही, दिसतो तो फक्त दृष्टिपटलामागे उरलेला रंगद्रव्याचा अंश, धुक्यापेक्षाही पुसट. म्हणजे शोषणासाठी काहीतरी ठेवावं लागेल हे त्याने पाहिलं होतं. भिंगाचा प्रश्न मात्र सुटत नाही. १८९७ सालीच लेखक आर्नल्ड बेनेटला लिहिलेल्या पत्रात वेल्सने हे स्वतः कबूल केलं आहे: भिंगाचा अपवर्तनांक बदलला तर दृष्टी जाईल, नाही बदलला तर काचेच्या गोळ्यांसारखे डोळे दिसतील, आणि हे सगळं काटेकोर पाळलं तर लघुकथा होईल, कादंबरी नाही. टीका व्हायच्या आत लेखकानेच कमजोर जागा नेमकी दाखवली, याचं मला फार मोल वाटतं.

आणखी एक: पापण्या. रूपांतर चालू असताना ग्रिफिन डोळे मिटतो तरी त्याला पापण्यांतून खोली दिसत राहते. त्या माणसाला अंधार करून घेता येत नाही. एका वाक्यात आलेला हा तपशील आहे, पण झोप, चिडचिड, पुढचा सगळा उतावीळपणा यांच्याकडे मी त्या वाक्यातून बघते.

स्लाइडवाली
ऊतींच्या बाजूने लिहिते. ग्रिफिनची दोन टप्प्यांची कृती, आधी रंग काढा मग अपवर्तनांक जुळवा, आज प्रयोगशाळांत जशीच्या तशी चालते. फरक एवढाच की नमुना मेलेला असतो आणि अपवर्तनांक खाली हवेकडे न नेता वर, प्रथिनांच्या जवळ नेतात.

लाइपझिगचे शरीरशास्त्रज्ञ व्हेर्नर श्पाल्टेहोल्त्स यांनी १९११ ते १९१४च्या काळात विंटरग्रीन तेल आणि बेंझिल बेंझोएट वापरून अख्खे अवयव पारदर्शक केले. वेल्सच्या कादंबरीनंतर वीस वर्षांच्या आतली ही गोष्ट. आजची साधी पद्धत अशी: उंदराच्या रक्तवाहिन्यांतून आधी क्षारद्रव सोडून रक्त धुऊन काढायचं. हे नीट झालं नाही तर उरलेलं हिमोग्लोबिन पुढे तपकिरी पडतं आणि नमुना चहाच्या रंगाचा होतो. मग फॉर्मल्डिहाइडने स्थिर करायचं. मग अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्या: ५०, ७०, ९० आणि १०० टक्के, शंभरची दोनदा. पायरी गाळली तर ऊती आकसून चिरतात. मेद काढायचा, रंग उरला असेल तर थंडीत हायड्रोजन पेरॉक्साइड. शेवटी एक भाग बेंझिल अल्कोहोल आणि दोन भाग बेंझिल बेंझोएटचं मिश्रण, अपवर्तनांक १.५६ च्या आसपास. नमुना यात बुडाला की काही तासांत काचेसारखा होतो. आतमधे पाणी राहिलं असेल तर दुधट ढग दिसतो, तेव्हा मागे जाऊन पुन्हा १०० टक्के अल्कोहोल. आणि भांडं काचेचंच घ्या, हे मिश्रण पॉलिस्टायरीन विरघळवतं.

यात सर्वांत हट्टी काय असतं? डोळा. मेलॅनिन, म्हणजे केसांतलं आणि डोळ्यांतलं काळं रंगद्रव्य, सहजासहजी जात नाही, सगळं शरीर काचेचं झालं तरी दोन काळे ठिपके बघत राहतात. वेल्सचं मांजर आठवतंच. म्हणूनच ग्रिफिनला वेल्सने आल्बिनो, म्हणजे जन्मतः हे रंगद्रव्य नसलेला, केलं आहे. पांढरे केस, लाल डोळे हे फक्त दिसायला वेगळं म्हणून नाही. आपण आल्बिनो आहोत आणि हे ज्ञान आपल्याकडे आहे याचा अर्थ काय, हे एका रात्री त्याच्या ध्यानात येतं, तिथून तो बदलतो. मेलॅनिनचा अर्धा प्रश्न जन्मतःच सुटलेला माणूस म्हणून त्याची निवड झाली आहे.

रक्ताचा टप्पा मात्र मला अशक्य वाटतो. हिमोग्लोबिनमधे ऑक्सिजन ज्या हीम नावाच्या लोहयुक्त भागाला चिकटतो त्याच हीमचा रंग लाल. रंग काढून काम ठेवा म्हणणं म्हणजे हीम काढून हीम ठेवा म्हणणं. बिनरंगी रक्ताचे कणाधारी प्राणी आहेत: अंटार्क्टिकातले बर्फमासे, ज्यांच्याबद्दल योहान रूड यांनी १९५४ साली लिहिलं. त्यांच्यात हिमोग्लोबिन नाहीच. ते जगतात कारण पाणी शून्याखाली जवळजवळ दोन अंश, त्यात ऑक्सिजन भरपूर विरघळतो, हृदय मोठं, रक्त जास्त आणि हालचाल कमी. सदतीस अंशांवर पळणाऱ्या, मारामारी करणाऱ्या माणसाला ते परवडणार नाही. काचबेडूक वेगळी युक्ती करतात: झोपताना ८९ टक्क्यांच्या आसपास लाल पेशी यकृतात कोंडून ठेवतात, तेव्हा त्यांची पारदर्शकता दोनतीन पटींनी वाढते. हे २०२२ साली सिद्ध झालं. जाग येऊन हालचाल सुरू झाली की लाल रंग परत. निसर्गालाही फुकट जमलेलं नाही.

जिवंत प्राण्यावर ताजं काम २०२४चं, स्टॅनफर्डचं. टार्ट्राझिन, तोच पिवळा खायचा रंग जो आपल्याकडे मिठाईत चालतो, पाण्यात कडक घोळ करून उंदराच्या कातडीवर चोळला तर कातडीतून आतले अवयव दिसले. रंग निळा प्रकाश जोरात शोषतो, त्यामुळे तांबड्या प्रकाशासाठी पाण्याचा अपवर्तनांक वाढतो आणि मेदाशी जुळतो. धुतलं की पहिल्यासारखं. खोली मात्र थोडीच मिळते, पातळ कातडीपुरती. "धुतलं की पहिल्यासारखं" हे ग्रिफिनकडे नव्हतं.

बुन्सेन
@स्लाइडवाली, टार्ट्राझिनचं उदाहरण चपखल आहे, त्यावरून ग्रिफिनची मूळ चूक सांगता येते. अपवर्तनांक हा वस्तूवर चढवलेला रंगाचा हात नव्हे. पाण्याचा १.३३ आहे कारण प्रकाशाच्या लहरीबरोबर रेणूंमधले इलेक्ट्रॉन हलतात. ज्या इलेक्ट्रॉनांनी बंध धरून ठेवलेत तेच हे इलेक्ट्रॉन. दृश्य प्रकाशाला त्यांनी दादच देऊ नये इतके ते घट्ट केले तर रसायनच बदललं, पाणी पाणी राहिलं नाही, माणूस दूरच. वर नेणं सोपं, कारण काहीतरी मिसळता येतं. खाली, हवेपर्यंत नेणं म्हणजे पदार्थाचा पदार्थपणा काढून घेणं.

एक गोष्ट मात्र वेल्सने फार हुशारीने टाळली. रॉन्टगेनने क्ष-किरण नोव्हेंबर १८९५ मधे पाहिले, म्हणजे कादंबरीच्या वेळी ती ताजी बातमी होती. वाचकाच्या मनात पहिला प्रश्न तोच येणार. म्हणून ग्रिफिन स्वतःच सांगतो की हे ते रॉन्टगेनचे किरण नव्हेत. गंमत अशी की क्ष-किरणांसाठी सगळ्याच पदार्थांचा अपवर्तनांक एकच्या इतका जवळ असतो की फरक दशलक्षांशात मोजावा लागतो. त्यांच्या दृष्टीने आपण अपवर्तनापुरते आधीच अदृश्य आहोत, हाडं दिसतात ती शोषणामुळे. ग्रिफिनला हवी असलेली स्थिती निसर्गात आहे, फक्त ती दृश्य प्रकाशासाठी नाही.

रात्रपाळी
मला नेहमी एक प्रश्न पडतो. लोकरीचं कापड जर अदृश्य झालं होतं, तर त्याने कपडेच का नाही केले? जानेवारीत लंडनच्या रस्त्यावर उघडा फिरायची वेळ का आली?

लोलक
@रात्रपाळी, याचं उत्तर पुस्तकात आहे आणि माझ्या मते सगळी कादंबरी त्या उत्तरात आहे. कापड होतं, कृती होती, यंत्र होतं. वेळ नव्हता. मांजर ओरडलं म्हणून इमारतीत कुजबुज झाली की हा प्राणी जिवंत चिरतो. घरमालकाशी भांडण झालं, आता हाकलणार हे दिसलं, आणि त्याच संध्याकाळी ग्रिफिनने रक्त बिनरंगी करणारी औषधं घेतली. तो गुंगीत असतानाच दारावर थाप पडली. मालकाने जागा खाली करायचा कागद पुढे केला, ग्रिफिनचा पांढराफटक चेहरा पाहिला आणि मेणबत्ती टाकून पळाला. अर्धी पायरी झालेली, मागे फिरता येत नाही अशी ती वेळ.

त्यानंतरचं काम बघा. किरणकेंद्रं एखाद्या शिकलेल्या माणसाच्या हाती पडली तर गुपित फुटेल, म्हणून त्याने एक डायनॅमो दुसऱ्यावरून ढकलून दोन्ही यंत्रं फोडली. मग कागद, खुर्च्या, अंथरूण यांचा ढीग, त्यावर रबरी नळीने गॅस, आणि काडी. स्वतःच्या हातांनी. कपडे अदृश्य करायचं आणि स्वतः परत यायचं, दोन्हींचं साधन एकच होतं आणि ते त्याने जाळलं. तीन वह्या आणि चेकबुक तेवढं आधीच टपालाने पुढे पाठवून ठेवलं होतं.

म्हणूनच पुढे तो आयपिंग गावच्या खानावळीत राहतो तो भाग मला सर्वांत करुण वाटतो. बाटल्यांचे खोके येतात, परीक्षानळ्या, तराजू. डायनॅमो नाहीत. खानावळीच्या मालकिणीला, मिसेस हॉलला, दाराआडून ऐकू येतं की तीन लाख, चार लाख, सगळा जन्म जाईल. हा आकडा बहुतेक वाचक उडी मारून पुढे जातात. तो परतीचं रसायन एकेक जोडी करून शोधतोय असं मी धरतो. दिवसाला दहा जोड्या तपासल्या तरी तीन लाखांना ८२ वर्षं, चार लाखांना ११०. पुढे पैसे संपतात आणि तो पाद्र्याच्या घरात चोरी करतो, दोन पौंड दहा शिलिंगसाठी. प्रयोगशाळा बंद पडण्याचं कारण तेच जुनं: सामान संपलं, पैसा संपला.

रात्रपाळी
हे पटलं. मग अदृश्यपणाच्या रोजच्या अडचणीही त्याच माळेत येतात. खाल्लेलं अन्न पचेपर्यंत पोटात दिसतं, म्हणजे जेवण झालं की लपायचं. चिरूट ओढला तर धूर तोंड, घसा, नाकपुड्या आखून दाखवतो. बर्फ अंगावर साठतो, पावसात पाण्याची बाह्यरेषा दिसते, लंडनच्या धुक्यात चकाकणारा आकार, आणि रस्त्यावरची धूळ कातडीला चिकटते. चिखलात उमटलेल्या अनवाणी पावलांवरून पोरं त्याच्या मागे लागतात. कुत्र्याला तर काहीच फरक पडत नाही, ते वासावर चालतं.

यातलं एकही संकट शत्रूमुळे आलेलं नाही. आणि केम्प पोलिसांना जे उपाय सांगतो ते बघा: अन्न कुलपात ठेवा, घरं बंद ठेवा, कुत्री आणा, रस्त्यावर काचेची भुकटी टाका. तीच काचेची भुकटी! ज्या उदाहरणाने ग्रिफिन आपला सिद्धांत समजावतो तीच त्याच्या अनवाणी पायांसाठी.

भिंगरी
काचेच्या भुकटीचा दुवा माझ्या नजरेतून निसटला होता. आभार.

अक्षरवेल
शेवटाबद्दल विचारते. जमाव त्याला मारतो, एक मजूर फावड्याने, आणि मेल्यावर तो दिसायला लागतो. आधी हातापायांपासून, हळूहळू मध्याकडे. पहिल्यांदा पांढऱ्या बारीक नसा, मग काचेसारखी हाडं आणि रक्तवाहिन्यांचं जाळं, मग मांस आणि कातडी, आधी धूसर, मग दाट. हा क्रम वेल्सने असाच का घेतला?

लोलक
कारण जाताना नसा सर्वांत शेवटी गेल्या होत्या. ग्रेट पोर्टलंड स्ट्रीटच्या खोलीत आधी हातपाय काचेचे झाले, मग हाडं आणि धमन्या विरल्या, पांढऱ्या नसा शेवटी. येताना बरोबर उलटा क्रम, शेवटी गेलेलं पहिल्यांदा परत. एका प्रकरणातलं वर्णन दुसऱ्यात उलटं वाचता येतं इतकं नेमकं आहे ते. मी यातून असं काढतो की ती स्थिती जिवंत शरीरच टिकवून धरत होतं, आणि शरीर थांबल्यावर धरणारं कुणी उरलं नाही. वेल्सने हे सांगितलेलं नाही, हा माझा अर्थ. परतीचा रस्ता होता, पण तो मृत्यूतून जात होता.

स्लाइडवाली
मांजराच्या डोळ्याबद्दल एक दुरुस्ती राहिली. ग्रिफिन त्या पडद्याला रंगद्रव्य म्हणतो. मांजराच्या डोळ्यातली रात्रीची चमक मुख्यतः रचनेची असते: सूक्ष्म काड्यांच्या अनेक थरांवरून प्रकाश परत फिरतो, कारण काड्या आणि त्यांच्या भोवतालचा द्रव यांचे अपवर्तनांक वेगळे. दोन्ही हवेइतके झाले तर चमक राहायला कारणच नाही. म्हणजे ग्रिफिनचंच तत्त्व धरलं तर तो पडदा पहिल्या फटक्यात जायला हवा होता, आणि मागचं खरं काळं मेलॅनिन उरायला हवं होतं. तो उरलाच असेल तर त्याचा अर्थ किरण तिथपर्यंत पुरेसे पोचले नाहीत. नखांचंही तेच, मृत केराटिन. म्हणजे मांजराने त्याला सांगितलं होतं की प्रक्रिया सगळीकडे सारखी चालत नाही. पुढे त्याच्या स्वतःच्या बाबतीतही बोटांच्या नखांची पांढरी टोकं आणि आम्लाचा तपकिरी डाग उरलाच होता.

बुन्सेन
डाग उरला तो अपेक्षितच. डाग म्हणजे शोषण, आणि ते अपवर्तनांक जुळवून जात नाही. ग्लिसरीनमधे उरलेल्या रेघांसारखंच. प्रयोग करणाऱ्यांना एक सूचना: परीक्षानळीवर मार्करने छोटी खूण करून बुडवा, नळी गेली की खूण अधांतरी तरंगताना दिसते. मुलांना शोषण आणि अपवर्तन यांतला फरक एवढ्याने कळतो. नंतर नळी कोमट पाण्याने धुवा, ग्लिसरीन सहज निघतं. आणि वापरलेलं ग्लिसरीन लगेच झाकणबंद बाटलीत भरा.

रात्रपाळी
वह्यांचं काय झालं ते राहिलं. त्या सांकेतिक लिपीत होत्या आणि एकच प्रत होती. थॉमस मार्व्हल नावाच्या भटक्याकडून तो त्या वाहून नेतो, मार्व्हल त्या घेऊन पळतो. शेवटच्या प्रकरणात मार्व्हल पोर्ट स्टोजवळ एक खानावळ चालवतो. दार लावून, एकटा, तो त्या वह्या उघडतो. काही पानं घाण पाण्यात भिजून कोरी झाली आहेत. उरलेल्यांत चिन्हं, वर चढवलेला छोटा दोनचा आकडा. तो बोट ठेवून वाचायचा प्रयत्न करतो आणि काही लागत नाही. केम्पने त्या वह्यांसाठी किती चौकश्या केल्या हे पुस्तकात आहे, आणि त्या त्याच्यापासून फार लांब नव्हत्या.